रात्री अकराची डोंबिवली

डोंबिवलीत घर बघायचं असेल तर रविवारी सकाळी एजंटच्या गाडीत बसून बघू नये. कामाच्या वारी, रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून येणाऱ्या लोकलने उतरावं आणि पूर्वेला बाहेर पडावं. जिन्याखाली रिक्षांची रांग असते. मेडिकलची दुकानं उघडी असतात, वडापावची कढई अजून गरम असते, भाजीवाली उरलेल्या मेथीच्या जुड्या निम्म्या भावात काढत असते. गाडीतून उतरलेल्या बायका त्यातली एखादी जुडी पिशवीत कोंबतात आणि फोनवर बोलत बोलत टिळकनगरच्या, रामनगरच्या दिशेने चालू लागतात. कोणाची पावलं घाईत नसतात. थोड्या वेळाने दुसरी गाडी येते, आणखी शेदोनशे माणसं त्याच रस्त्याने जातात. मुंबईतली शेवटची लोकल मध्यरात्र उलटल्यावर सुटते. ती येऊन जाईपर्यंत हे असंच चालू असतं.

वस्ती सुरक्षित आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: उशिरा रात्री एकटी बाई स्टेशनवरून घरापर्यंत निर्धास्त चालत जाते का? फाटकावरचा वॉचमन आणि जिन्यातला कॅमेरा फाटकाच्या आत कामाचे. खरा प्रश्न फाटकाबाहेरच्या पाऊण किलोमीटरचा असतो. त्या परीक्षेला जुनी डोंबिवली उतरते, आणि त्याचं मोठं श्रेय रेल्वेच्या वेळापत्रकाला आहे. दर काही मिनिटांनी गाडी माणसं सोडत राहते म्हणून दुकानं उघडी राहतात, दुकानं उघडी म्हणून रस्त्यावर उजेड असतो. सोनसाखळी ओढून पळणारे इथेही आहेत, मे महिन्यात कुटुंबं गावी गेली की बंद घरं फुटतात. तरीही भीती वाटावी अशी गल्ली स्टेशनच्या जवळपास शोधून सापडणार नाही.

गाव असं घडलं त्याला कारण आहे. 1854 मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत पोचली, तरी पुढे कित्येक दशकं डोंबिवली म्हणजे भातशेती, विहिरी आणि बैठी घरं. गिरगाव-दादरच्या चाळींत संसार मावेना तेव्हा कारकून, शिक्षक, बँकेतली माणसं इथे आली. रोज एकाच गाडीने जाणारी, एकाच गाडीने परतणारी ही माणसं. लेखक पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथे राहिले. 2017 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं तेव्हा संमेलननगरीला भाव्यांचंच नाव होतं. फडके रोडच्या टोकाला गणेश मंदिर आहे. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस याच मंदिराच्या पुढाकाराने निघाली आणि मग गावोगावी तिचं अनुकरण झालं. दिवाळीच्या पहाटे नव्या कपड्यांतली तरुण पोरं-पोरी याच फडके रोडवर जमतात, इतकी की वाहनांना रस्ता उरत नाही. ज्या गावात रस्त्यावर जमण्याची अशी सवय आहे, तिथे अनोळखी माणसाच्या हालचाली लपत नाहीत.

या ओळखीपाळखीची दुसरी बाजूही सांगायला हवी. भाड्याने घर शोधणाऱ्या एकट्या मुलीला किंवा वेगळ्या धर्माच्या कुटुंबाला घर द्यायला काही सोसायट्या अजून आढेवेढे घेतात. मुंबईतही हेच चालतं, पण सुसंस्कृत शहर म्हणवून घेणाऱ्या डोंबिवलीत ते जास्त खुपतं.

पूर्व की पश्चिम हा डोंबिवलीतला न संपणारा वाद. पूर्वेला टिळकनगर, रामनगर, गोग्रासवाडी, पांडुरंगवाडी, शाळा, जिमखाना. इथे घर महाग, इमारती जुन्या, पुनर्विकास जागोजागी. पश्चिमेला विष्णुनगर, गुप्ते रोड, शास्त्रीनगर, आणि पुढे खाडीच्या दिशेने मोठागाव. 2025 मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाल्यापासून पश्चिमेचं पारडं जड झालं आहे. उल्हास खाडी ओलांडली की थेट मुंबई-नाशिक महामार्ग, आणि ठाण्याला जायला शिळफाट्याचा किंवा कल्याणचा वळसा घ्यावा लागत नाही. मात्र पुलाची सगळी गाडीवाहतूक पश्चिमेच्या जुन्या अरुंद रस्त्यांवर उतरते, म्हणून त्या बाजूला घर बघताना संध्याकाळी सातला एक फेरी मारावी. खाडीलगतच्या सखल भागात पाणी कुठवर चढतं ते तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांना विचारावं. 26 जुलै 2005 च्या पुराची खूण ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतात.

प्रवासाचा हिशेब नोकरीच्या ठिकाणावर आहे. फास्ट लोकलने ठाणं वीस-पंचवीस मिनिटांवर, सीएसएमटी साधारण सव्वा तासावर. ऐरोली-वाशीला जाणारे ठाण्याला ट्रान्स-हार्बर पकडतात, अंधेरीवाले घाटकोपरला उतरून मेट्रो धरतात. पवईचं ऑफिस असेल तर कांजूरमार्गला फास्ट थांबत नाही हे आधीच ध्यानात घ्यावं. स्लोने जावं लागतं किंवा घाटकोपरला उतरून उलटं यावं लागतं. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्यांत बसायला मिळण्याची थोडी आशा असते. बाकी गाड्या कल्याण, बदलापूर, कर्जत, कसाऱ्याहून भरून येतात. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीतही खिडकीची जागा कोपर-दिव्याच्या माणसांनी उलटं डोंबिवलीला येऊन आधीच धरलेली असते. चौथी सीट मिळाली तरी नशीब.

सकाळी आठनंतरचा फलाट जवळून पाहण्यासारखा आहे. गाडी यायच्या आधी बॅगा पाठीवरून छातीवर येतात, चष्मे खिशात जातात. डबा नेमका कुठे थांबणार हे रोजच्या माणसाला पक्कं माहीत असतं, तो त्या जागी तिरका उभा राहतो. गाडी थांबण्याआधीच आत घुसण्याची झुंबड सुरू होते आणि सुटताना दाराबाहेर दोन-तीन थर लटकलेले असतात. डोंबिवलीकराच्या दिवसातला सगळ्यात असुरक्षित तुकडा हाच आहे, आणि घर विकणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. 9 जून 2025 ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यात माणसं मेली. त्यानंतर दारं आपोआप बंद होणाऱ्या साध्या लोकल आणण्याचं रेल्वेने जाहीर केलं. एसी लोकल 2020 च्या डिसेंबरपासून या मार्गावर धावते, पण तिचा पास सगळ्यांना परवडत नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये पूर्ण झाली, गाड्या काही वाढल्या, त्याहून वेगाने माणसं वाढली.

म्हणून नोकरीची वेळ बदलून मिळत असेल तर ती आधी बदलून घ्यावी, घर नंतर घ्यावं. साडेदहानंतरच्या गाडीत उभं राहायला तरी नीट मिळतं. दारात फोन हातात धरून उभं राहू नये, रुळांलगत दबा धरून हातावर फटका मारणारे चोर आहेत. रात्री बायकांच्या डब्यात पोलिस असतो. तो कोणत्या डब्यात चढतो ते बघून तिथे बसण्याची पद्धत नोकरदार मुलींनी स्वतःच पाडली आहे.

दुसरा धोका एमआयडीसीचा. साठच्या दशकात ही औद्योगिक वसाहत झाली तेव्हा ती गावाबाहेर होती. पुढे तिचाच निवासी विभाग वाढला, गाव येऊन भिडलं आणि रासायनिक कारखाने व बाल्कन्या समोरासमोर आल्या. 2014 मध्ये इथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली, 2020 मध्ये एक रस्ता रसायनाने गुलाबी झाला. 26 मे 2016 ला एका कारखान्यातल्या स्फोटात बारा जणांचा जीव गेला, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. 23 मे 2024 ला पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसं गेली. धोकादायक कारखाने हलवण्याचं दरवेळी जाहीर होतं. निवासी विभागात रस्ते रुंद, झाडी दाट, सावित्रीबाई फुले नाट्यगृह हाकेच्या अंतरावर, बंगले देखणे. मला तो भाग मनापासून आवडतो. तरीही लहान मूल किंवा दम्याचा पेशंट घरात असेल तर तिथे घर घ्या, असं मी आज कोणाला सांगणार नाही. घ्यायचंच असेल तर सर्वांत जवळचा कारखाना कोणता, तो काय बनवतो आणि पहाटे वास येतो का, हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावं.

आणि तिसरा धोका दिसत नाही, तो फायलीत असतो. डोंबिवलीच्या आजूबाजूला, विशेषतः ‘27 गावं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात, परवानगीविना इमारती उठल्या. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. त्यांत राहणाऱ्यांनी रेरा क्रमांक बघूनच घरं घेतली होती. तेव्हा क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नये. बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून मागावी, तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून घ्यावी, भोगवटा दाखला हातात घेऊन वाचावा. सातबारावर इतर हक्कात काय लिहिलंय ते वकिलाकडून बघून घ्यावं. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोख, असं तर मुळीच धरू नये. त्या 65 इमारतींतल्या अनेक कुटुंबांनी बँकेचं कर्ज काढूनच घर घेतलं होतं, आणि इमारत पाडण्याची नोटीस हातात पडल्यावरही त्यांचे हप्ते चालूच राहिले.