मुक्तिसदनातील उपासना

तुकोबांची पालखी यवतहून वरवंडच्या मुक्कामाकडे निघाली म्हणजे वाटेत केडगावचा चौफुला लागतो, आणि पुढे बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी मजल दरमजल करीत ती पंढरीकडे जाते. ज्या मुलुखात भक्ती ही पाठशाळेत शिकण्याची विद्या नसून जात्यावरच्या ओवीतून आणि वारीच्या धुळीतून आपसूक अंगी मुरणारी गोष्ट होती, त्याच मुलुखात, या चौफुल्याच्या पंचक्रोशीत, पंडिता रमाबाईंनी 1898 साली मुक्तिसदन उभारले. विद्यार्थिनींच्या आत्मिक जीवनाचे संगोपन कसे करावे, या प्रश्नाची रमाबाईंनी जेवढी किंमत मोजली, तेवढी महाराष्ट्रात फार थोड्यांनी मोजली असेल.

त्याआधी दशकभर त्यांनी या प्रश्नाचे उलट टोक पाहिले होते. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढल्याच वर्षी पुण्यास आलेल्या शारदा सदनात धर्मोपदेश करावयाचा नाही, असा करार होता. मुलींच्या सोवळ्याओवळ्याची आणि जातीच्या रीतिरिवाजाचीही तेथे तजवीज असे. परंतु रमाबाई स्वतः सकाळी प्रार्थनेस बसत, ते दार उघडे ठेवून. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या, बोभाटा झाला, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. बाईंच्या निष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण सल्लागारांचे म्हणणेही खोडसाळ नव्हते. आपल्या मुलीला काय शिकवले जाते, हे विचारण्याचा पालकाचा हक्क पुढे राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदाने मान्यच केला: सरकारमान्य वा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत अज्ञान विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसवता येत नाही. मात्र त्या खोलीतील मुलींना कोणी बसवले नव्हते, त्या बसल्या होत्या. आणि तेवढ्या अंतरासाठी कायद्यात कलम सापडणे कठीण.

केडगावास हा संकोच उरला नाही. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुली आणि विधवा, पुढे गुजरातच्या दुष्काळातील मुली, अशा शेकडो जणींचे हे सदन उघडपणे ख्रिस्ती होते. 1905 साली सत्तर जणींनी रोजची प्रार्थना आरंभिली आणि पाहता पाहता ती संख्या शेकड्यांवर गेली. मग आला तो रडण्याओरडण्याचा, पश्चात्तापाचा मोठा लोंढा, ज्याची वर्णने परदेशी मिशनरी मासिकांनी हौसेने छापली. मला स्वतःला या लोंढ्यापेक्षा सदनातील नित्याचा दिनक्रम अधिक सांगण्याजोगा वाटतो. शेत, माग, गोठा, छापखाना यांत मुलींचे हात गुंतलेले असत आणि प्रार्थना त्या कामाच्या अलीकडे-पलीकडे असे. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय रमाबाईंची कन्या मनोरमा हिने केली. जिला उद्या पोट कसे भरेल याची धास्ती आहे, तिला ईश्वराच्या दयेवर प्रवचन देण्याआधी सूत आणि सुई द्यावी, हा क्रम मिशनऱ्यांपैकी फार थोड्यांस साधला.

छापखान्याचे काम मात्र या सगळ्यांहून निराळे. जिला कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतावरील प्रभुत्वाबद्दल 'सरस्वती' ही पदवी दिली, तिनेच हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचा मराठी तर्जुमा करताना संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले, कारण तिचा वाचक शास्त्री नव्हता, तर दुष्काळातून आलेली, नुकतीच अक्षरे लावू लागलेली मुलगी होती. खिळे जुळवणे, छापणे ही कामे सदनातील स्त्रियांनीच केली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. समग्र बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. चर्चमधून मात्र बायबल सोसायटीचीच प्रत वाचली जात राहिली. पंडितांना बाईंचे मराठी ओबडधोबड वाटले, आणि काही ठिकाणी ते आहेही. पण ज्या मुलीने खिळे लावता लावता अख्खे शुभवर्तमान अक्षर-अक्षर जुळवले, तिला धर्मशिक्षणाचा वेगळा तास कोणता लावावयाचा होता?