धावती लिपी आधी, ठाशीव नंतर

चिनी सुलेखनावरच्या सचित्र पुस्तकांत एक तक्ता हमखास भेटतो. एकच अक्षर ओळीने पाच शैलींत लिहिलेले असते. पहिली झुआन, म्हणजे शिक्क्यांवरची मुद्रालिपी. मग ली, म्हणजे कचेरीतली कारकुनी लिपी. त्यानंतर ठाशीव काई, चालती शिंग आणि शेवटी धावती त्साओ. तक्ता पाहणाऱ्याची साहजिकच समजूत होते की आधी लोक अक्षरे जपून काढत, मग हात बसला आणि मग घाई सुरू झाली. चिनी सुलेखनाबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज तो हाच.

धावती लिपी ठाशीव लिपीतून निघालेली नाही. ती तिच्याहून जुनी आहे. हान राजवटीच्या काळात, म्हणजे इ.स.पू. 206 ते इ.स. 220 दरम्यान, कचेऱ्यांतले लेखनिक बांबूच्या आणि लाकडाच्या पट्ट्यांवर कारकुनी लिपी झरझर लिहीत. काही रेघा जोडल्या जात, काही गाळल्या जात. धावत्या लिपीचा जन्म या घाईत झाला. ठाशीव लिपीची घडी बसू लागली ती हान काळाच्या अखेरीस. तिच्याशी जोडले जाणारे पहिले मोठे नाव झोंग याओचे. तो 230 साली वारला.

मुद्रालिपी संपली आणि मग कारकुनी आली, हेही तितकेसे खरे नाही. इ.स.पू. 221 मध्ये छिन सम्राटाने देश एका छत्राखाली आणला आणि मंत्री ली सच्या देखरेखीखाली मुद्रालिपीचे एकच प्रमाण रूप ठरले. सम्राटाचे शिलालेख त्या लिपीत कोरले गेले. पण 1975 मध्ये हूबेई प्रांतातल्या शुईहूदी येथे शी नावाच्या एका छिन अधिकाऱ्याची कबर उघडली, तेव्हा आत अकराशेहून अधिक बांबूपट्ट्या निघाल्या. त्यांवर कायदे आहेत, चौकशीचे नमुने आहेत, आणि लिपी आहे सुरुवातीची कारकुनी! दगडावर एक लिपी आणि दप्तरात दुसरी, असा तो कारभार होता.

त्याच छिन काळातल्या मंग थ्यान या सेनापतीने कुंचला शोधून काढला, ही कथाही अशीच लाडकी. चांगशा येथे 1954 मध्ये त्याच्या आधीच्या काळातल्या कबरीत कुंचला सापडला. शांग राजवटीच्या भविष्य पाहण्याच्या हाडांवर तर कुठे कुठे कुंचल्याने लिहिलेली अक्षरे आहेत, आणि ती मंग थ्यानच्या सुमारे हजार वर्षे आधीची.

सोप्या अक्षरांचेही तसेच. चीनने 1956 मध्ये जाहीर केलेली अक्षरे एखाद्या समितीने कोऱ्या कागदावर रचली, असे अनेकांना वाटते. त्यांतली पुष्कळ रूपे लोकांच्या हातात आधीपासून होती. ‘पुस्तक’ या अर्थाच्या अक्षराला पूर्वी दहा रेघा लागत. आज चार पुरतात, आणि हे चार रेघांचे रूप धावत्या लिपीतून उचललेले आहे.

आता सौंदर्याकडे. उत्तम सुलेखन म्हणजे एकसारखी, घोटीव, बिनखोडीची अक्षरे, असे शाळेत कित्ता गिरवलेल्या कुणालाही वाटेल. चिनी रसिक मात्र चालत्या लिपीतल्या सर्वश्रेष्ठ लेखनांत दुसरा मान देतात तो यान झेनछिंगच्या एका कच्च्या खर्ड्याला. साल 758. थांग राजवटीविरुद्धच्या आन लुशानच्या बंडात यानचा चुलतभाऊ आणि त्या भावाचा मुलगा जीमिंग मारले गेले होते. पुतण्याचे शिरच तेवढे हाती आले. त्याच्या श्राद्धप्रसंगी वाचायचा मजकूर यान लिहायला बसला. पहिल्या ओळी शांत आहेत, अक्षरांत अंतर राखलेले आहे. पुढे पुढे कुंचला शाईत बुडवायचेही भान राहत नाही. शाई आटते, रेघ फाटते, मधूनच कागदाचा पांढरा रंग दिसू लागतो. मग पुन्हा शाईने चिंब झालेली काळी अक्षरे येतात. मजकूर सव्वादोनशेहून थोड्या अधिक अक्षरांचा, आणि तिसाहून अधिक अक्षरे खोडलेली. खाडाखोड कुणी झाकली नाही, तीच पाहायला लोक जातात. तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयाने 2019 मध्ये हा कागद टोकियोतल्या प्रदर्शनासाठी उसना दिला, तेव्हा इतकी नाजूक वस्तू देशाबाहेर पाठवलीच कशी म्हणून मोठा गदारोळ झाला होता.

पहिला मान ज्याला, ते लेखन तर अस्तित्वातच नाही. वांग शीझीने 353 मध्ये लानतिंग येथे, मित्रांसोबतच्या मद्यपानाच्या मैफलीत, तिथे रचलेल्या कवितांसाठी लिहिलेली ती प्रस्तावना. मूळ कागद थांग सम्राट थाइझोंगने आपल्यासोबत पुरायला लावला, अशी परंपरा आहे. आज उरल्या आहेत त्या नकला. ‘नक्कल’ म्हटले की आपल्याकडे नाक मुरडले जाते. चीनमध्ये ती स्वतंत्र विद्या होती. पातळ कागद मूळ लेखनावर ठेवून आधी अक्षरांची बाह्यरेषा काढायची आणि मग आत शाई भरायची. अशा नकलेत मुळातली खाडाखोडही प्रामाणिकपणे उतरते. चौथ्या ओळीत दोन अक्षरे राहून गेली होती, ती बाजूला बारीक लिहून घातलेली आजही दिसतात. वांग शीझीचा हात ज्या वेइ श्वोच्या देखरेखीखाली वळला, असे सांगतात, ती स्त्री होती, हेही जाता जाता नोंदवायला हवे. ही कला केवळ पुरुष पंडितांची, हा समज त्यामुळे पुष्कळच ढिला होतो.

चिनी माणसाला यातले सगळे वाचता येते, असेही कुणी समजू नये. थांग काळातल्या हुआइसू या भिक्षूची बेफाम धावती लिपी समोर ठेवली तर शांघायचा पदवीधरही गडबडतो, जसा पुण्याचा पदवीधर मोडीच्या कागदासमोर. मुद्रालिपीही सर्वांना वाचता येत नाही, पण म्हणून ती मेलेली नाही. अठराव्या शतकात देंग शिरूने तिला नव्याने हाताळले, पुढे वू छांगश्वोने प्राचीन दगडी नगाऱ्यांवरच्या अक्षरांवरून आपली दणकट शैली घडवली, आणि नावाचे शिक्के आजही बहुधा त्याच लिपीत कोरले जातात.

‘आधुनिक’ म्हणजे शाई फेकणे, हा शेवटचा आणि थोडासा आळशी गैरसमज. हांगझोऊचे वांग दोंगलिंग अक्षरांवर अक्षरे रचून वाचताच येणार नाही असे पट लिहितात. पण त्यांच्या हाताला जुन्या लिप्यांची पक्की तालीम आहे. श्यू बिंगने 1988 मध्ये बीजिंगला मांडलेल्या कलाकृतीत हजारो अक्षरे दिसायला अस्सल चिनी होती, पण त्यांतले एकही खरे नव्हते. सगळी त्याने स्वतः रचून लाकडात कोरली होती. आणि हाँगकाँगचा त्सांग त्सौ-चोई? जेमतेम शिकलेला हा माणूस, कौलून आपल्या पूर्वजांची जहागीर आहे असे सांगत, पन्नासेक वर्षे दिव्यांचे खांब आणि विजेच्या पेट्या कुंचल्याने लिहून भरत राहिला. पालिकेचे लोक रंग फासायचे, तो पुन्हा लिहायचा. 2003 मध्ये त्याचे काम व्हेनिसच्या द्वैवार्षिकात मांडले गेले, 2007 मध्ये तो वारला. चिम शा चुईच्या फेरी-धक्क्यावरच्या त्याच्या एका खांबाला सरकारने पुढे पारदर्शक आवरण घातले. त्याला सुलेखनकार म्हणावे की नाही, यावर जाणकारांचे आजही एकमत नाही.