पवित्र आत्म्याच्या नावाची वेल

अळू चिरताना हाताला खाज सुटते ती पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. सुरणातही हेच स्फटिक असतात आणि ब्राझीलच्या रानात झाडांवर चढणाऱ्या एका दुर्मीळ वेलीतही. तिन्ही एकाच कुळातली. त्या वेलीचं नाव फिलोडेंड्रॉन स्पिरिटस-सँक्टाय. लॅटिनमध्ये ‘स्पिरिटस सँक्टस’ म्हणजे पवित्र आत्मा. एस्पिरितू सांतू या ब्राझीलच्या किनारी राज्याच्या नावाचा अर्थही तोच, आणि नैसर्गिक अवस्थेत ही वेल फक्त तिथेच सापडते. जॉर्ज बंटिंग या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1987 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं.

तिचं वैभव पानात आहे. पान लांबट, अरुंद, निळसर झाक असलेलं हिरवं. देठाकडे शेळीच्या कानांसारख्या दोन लांब पाळ्या. या पानापायी संग्राहकांनी एकेका रोपाला हजारो डॉलर मोजले. रानात मात्र तिची फारच थोडी झाडं नोंदली गेली आहेत. कॉफीचे मळे, निलगिरीची लागवड आणि गुरांची कुरणं यांसाठी तिचं घर असलेला अटलांटिक वनपट्टा तुटत गेला. आज त्याच्या मूळ विस्तारापैकी जेमतेम आठवा हिस्सा शिल्लक आहे. उरलेल्या वेलींवर वेचणाऱ्यांची नजर पडली.

वेल वाढवायची तर आधी तिची राहणी समजून घ्यावी लागते. ती खोडाला बिलगून वर चढते आणि तिच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. कुंडीत चिकट माती आणि शेणखत ठासून भरलं की मुळं कुजतात. झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, लोणारी कोळसा आणि मूठभर गांडूळखत असं भुसभुशीत मिश्रण तिला मानवतं. वरचा थर सुकू लागला की पाणी द्यावं. बशीत साचू देऊ नये. ऊन गाळून आलेलं हवं, दुपारचं थेट ऊन पान भाजतं. तापमान 20 ते 30 अंश आणि हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर असली की ती खूश असते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ही आर्द्रता आपसूक मिळते. विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत पानांच्या कडा करपतात. वेलीला शेवाळ गुंडाळलेल्या काठीचा आधार द्यावा. हवेतली मुळं त्यात रुतली, वेल वर चढली, की पुढची पानं मोठी होत जातात.

नवं रोप करायला डोळा असलेलं पेर लागतं. नुसतं पान पाण्यात ठेवून भागत नाही. बियांची वाट अधिक अवघड. फिलोडेंड्रॉनच्या कणसावर आधी मादी फुलं तयार होतात, नर फुलांचे पराग नंतर सुटतात. रानात भुंगेरे हे पराग एका वेलीवरून दुसरीवर नेतात. घरी वाढवणाऱ्याला एका कणसाचे पराग जपून ठेवून दुसऱ्या कणसावर कुंचल्यानं लावावे लागतात.

ही कोंडी ऊतीसंवर्धनानं फोडली. प्रयोगशाळेच्या बाटल्यांत रोपं तयार होऊ लागली आणि किंमत झपाट्यानं उतरली. ही गोष्ट चांगलीच झाली, कारण रोप स्वस्त झालं की रानातून चोरण्याचा मोह कमी होतो. पण एका मातृवेलीपासून बनलेली हजार रोपं म्हणजे त्याच एका वेलीच्या हजार प्रती. रोगाला, दुष्काळाला तोंड देण्यासाठी जातीला जी विविधता लागते ती बाटलीत तयार होत नाही. ती रानातल्या वेगवेगळ्या झाडांत असते, आणि ते रान भुंगेऱ्यांसकट राहिलं तरच टिकते.

आपल्या सह्याद्रीतही याच कुळातला सापकांदा पावसाच्या सुरुवातीला फणा काढून उभा राहतो. त्याची एक जात, ॲरिसिमा मरेई, पश्चिम घाटाबाहेर नैसर्गिकरीत्या कुठेही आढळत नाही. एस्पिरितू सांतूच्या वेलीवर जी वेळ आली ती इथे येऊ द्यायची नसेल, तर दुर्मीळ रोप घेताना ते रोपवाटिकेत वाढलेलं आहे का हे विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते घेऊ नका. आणि डोंगरात सापकांदा दिसला तर त्याचा कंद जिथे आहे तिथेच राहू द्या.