शेंड्यांची टुणकन उडी!

जुहूच्या वाळूत बसून भेळ खाताना डोक्यावरून फटफटफट करत जाणारं हेलिकॉप्टर तू पाहिलं असशीलच. ते जवळच्याच जुहू विमानतळावरून उडतं. हा विमानतळ 1928 सालचा! 1932 मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन छोट्याशा विमानातून इथेच उतरले होते.

आता समज, आपण दोघं त्या हेलिकॉप्टरमध्ये बसलोय. खाली बघ. किनाऱ्यावरचे माड कसे दिसतात? हिरवी हिरवी भिरभिरी! खोड तर दिसतच नाही. मग यातला कुठला माड दोन मजली आणि कुठला पाच मजली, कसं ओळखणार?

पण गंमत ऐक. अशा वरून काढलेल्या फोटोंवरूनच अख्ख्या जंगलाची उंची मोजतात! शिडी नाही, टेप नाही. झाडाला बोटसुद्धा लावायचं नाही!

कशी बरं? युक्ती तुझ्याच चेहऱ्यावर आहे!

अंगठा नाकासमोर धर. डावा डोळा मिट. आता तो उघड आणि उजवा मिट. अरेच्चा! अंगठ्याने टुणकन उडी मारली! आता हात लांब करून पुन्हा तेच कर. उडी छोटी झाली ना? जवळच्या वस्तूची उडी मोठी, लांबच्या वस्तूची छोटी.

विमान हेच करतं. एक फोटो इथे काढायचा, थोडं पुढे जाऊन दुसरा. म्हणजे आधी एक डोळा, मग दुसरा! हे फोटो कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, तेही निम्म्याहून जास्त. त्यामुळे एकच झाड दोन फोटोंत सापडतं. शेंडा कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून त्याची उडी मोठी. जमीन लांब, तिची छोटी. दोन उड्यांत फरक किती, यावरून झाडाची उंची निघते!

आपल्या इस्रोने 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाला तर यासाठी कॅमेरेच दोन होते. एक पुढे वाकून बघणारा, दुसरा जरासा मागे. तोही 600 किलोमीटरपेक्षा उंचावरून!

पण झाडंही काही कमी खट्याळ नसतात हं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात पानांचा मांडव इतका गच्च होतो, की वरून जमीन दिसतच नाही. आणि जमीन नाही तर उंची नाही! आई दाराच्या चौकटीवर तुझ्या उंचीची खूण करते, तेव्हा आधी काय म्हणते? "टाचा टेकव!" इथे तर टाचाच लपलेल्या!

मग वाट बघायची. उन्हाळ्याच्या तोंडावर साग, पळस पानं गाळतात. मांडवाला भोकं पडतात आणि त्यांतून जमीन डोकावते. तेव्हाच्या फोटोंतून जमीन मोजायची, गच्च पानांच्या दिवसांतल्या फोटोंतून शेंडे. आणि बारा महिने हिरवं असणारं जंगल असेल तर? तिथे विमानातून लेसरचे किरण सोडतात. पानांमधल्या बारीक फटींतून काही किरण जमिनीपर्यंत पोचतातच!

वाराही घोटाळे करतो. दोन फोटोंच्या मधल्या वेळात झावळ्या डोलल्या की गणित बिघडतं. माडाला "स्टॅच्यू!" म्हटलं, तर तो ऐकतो थोडाच?

विमान नसलं तरी तुला माड मोजता येईल. एक सरळसोट माड निवड. तुझी सावली बरोब्बर तुझ्याएवढी लांब होईपर्यंत थांब. त्या क्षणी माडाची सावलीही माडाएवढीच असते! घे टेप आणि मोज.

फक्त 15 मेच्या आसपास भर दुपारी जाऊ नकोस. तेव्हा साडेबाराच्या सुमारास मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तुझी सावली पायाखाली गडप!