लॅपटॉप घेताना (लेखांक 6) : पैसे मशीनवर घालायचे की स्क्रीनवर?

सीईटीच्या प्रवेशफेऱ्या उरकल्या, होस्टेलची खोली पक्की झाली, की घरोघरी पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. सध्या येणाऱ्या पत्रांतही हाच प्रश्न आहे: हातात 55-60 हजार आहेत, मशीन दणकट घ्यावं की स्क्रीन चांगली बघावी? दोन्ही एकाच लॅपटॉपात मिळतं, नाही असं नाही; पण मग आकडा 80 हजारांच्या पुढे जातो आणि घरातली चर्चा तिथेच थांबते.

रॅम आणि एसएसडीचं मागच्या दोन लेखांकांत बघून झालं, त्यामुळे 16 जीबी रॅम आणि 512 जीबीची एसएसडी इथे गृहीत धरतो. 2025च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत, म्हणून 8 जीबीवर भागवायचा मोह होतो. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे याची खात्री असेल तरच त्या मोहाला बळी पडा.

आता लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात उभे राहा, किंवा घरबसल्या ऑनलाइन सेल उघडा. याच पैशांत दोन तऱ्हा समोर येतात. एक सव्वादोन किलोच्या पुढचा, गेमिंग म्हणून विकला जाणारा. आत ‘एच’ मालिकेतला प्रोसेसर आणि आरटीएक्स 2050 किंवा 3050 ग्राफिक्स कार्ड. दुसरा दीड किलोचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसर कमी वॅटचा ‘यू’ मालिकेतला, पण स्क्रीन अशी की तिच्यावरून नजर हटत नाही. दुकानदार पहिल्याबद्दल भरभरून बोलतो, कारण त्याच्याकडे सांगायला आकडे आहेत. स्क्रीनचा विषय ‘फुल एचडी आहे साहेब, आयपीएस आहे, 144 हर्ट्‌झ आहे’ एवढ्यावर आटोपतो.

माहितीपत्रकाच्या तळाशी मात्र आणखी एक ओळ असते आणि ती मुद्दाम शोधावी लागते: ‘250 निट्स, 45% एनटीएससी’. या ओळीवर जरा थांबू.

एनटीएससी हा 1953 साली अमेरिकेत रंगीत टीव्हीसाठी ठरवलेला मापदंड. तो टीव्ही गेला, मापदंड पॅनेलवाल्यांच्या कागदावर राहिला. आपल्या कामाचा मापदंड म्हणजे एसआरजीबी. तो ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने 1996मध्ये मांडला आणि वेबवरची बहुतेक चित्रं आजही तोच धरून बनतात. 72% एनटीएससी म्हणजे ढोबळमानाने पूर्ण एसआरजीबी. त्या हिशेबाने 45% म्हणजे एसआरजीबीतल्या रंगांचा जेमतेम 62-63 टक्के भाग. उरलेले रंग स्क्रीन दाखवूच शकत नाही; त्यांच्या जागी जवळचा फिका रंग येतो.

हे असं का होतं? एलसीडीच्या मागे पांढरा एलईडी दिवा असतो आणि पुढे लाल, हिरवे, निळे फिल्टर. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला. त्यामुळे त्याच्या उजेडात शुद्ध लाल कमीच. फिल्टर गडद केले तर रंग सुधारतात, पण उजेड अडतो. मग मागचा दिवा मोठा करावा लागतो, खर्च वाढतो आणि बॅटरीही लवकर उतरते. स्वस्त पॅनेलमध्ये याच्या उलट करतात: फिल्टर फिके ठेवून कमी दिव्यात काम भागवायचं. आयपीएस असण्याशी याचा काही संबंध नाही. आयपीएसमुळे बाजूने किंवा वरून बघितल्यावर चित्र उलटंपालटं दिसत नाही, एवढंच. 45 टक्क्यांची आयपीएस स्क्रीन ही सगळ्या बाजूंनी सारखीच फिकी दिसते.

याचा फटका कोणाला बसतो? उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने मंडळासाठी गणेशोत्सवाचं पोस्टर केलं, असं समजा. स्क्रीनवर शेंदरी रंग मळकट दिसतो, म्हणून तो सॅच्युरेशन वाढवतो, मग आणखी थोडं वाढवतो. तेच पोस्टर व्हॉट्सअॅपवर गेलं की मित्रांच्या ओएलईडी फोनवर डोळे दिपवतं आणि फ्लेक्सवर काय छापून येईल ते छापखान्यालाच ठाऊक. व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्याचंही हेच होतं, चेहऱ्यांचा रंग जमत नाही. अशांनी 100% एसआरजीबीपेक्षा कमी स्क्रीन घेऊच नये, ग्राफिक्स कार्ड गेलं तरी चालेल. रेंडर रात्रभर चालू ठेवता येतो, न दिसलेला रंग दुरुस्त करता येत नाही.

दुकानात हे तपासायला यंत्र लागत नाही. झेंडूचा किंवा कुंकवाचा एखादा ठळक फोटो फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच वेळी उघडा, दोन्ही शेजारी धरा. लाल रंग विटकरीकडे झुकला असेल तर कागद न वाचताही कळतं.

आता रिझोल्यूशन. 1366×768 म्हणजे साधारण साडेदहा लाख पिक्सेल, 1920×1080 म्हणजे पावणेएकवीस लाख. पहिली जात अजूनही अगदी स्वस्त लॅपटॉपात दिसते. ती घेऊ नका, यावर चर्चा नको. पण फुल एचडी घेतली म्हणजे दुप्पट जागा मिळाली, असंही नाही. 14 इंची फुल एचडी स्क्रीनवर विंडोज बहुधा आपणहून सगळं 150 टक्के मोठं करतं, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी दिसतील. मग कामाची जागा उरते 1280×720 एवढी, म्हणजे त्या जुन्या 1366×768 पेक्षाही कमी! अक्षरं कोरीव दिसतात हा फायदा खरा, पण कोडच्या ओळी किंवा एक्सेलच्या रांगा वाढत नाहीत. डोळे चांगले असतील तर 125 टक्क्यांवर आणा, 1536×864 मिळतात. म्हणूनच सारख्या किमतीत 16:10 आकाराची, म्हणजे 1920×1200ची स्क्रीन मिळत असेल तर मी तीच घेईन. उंचीला मिळणारे ते 11 टक्के जास्त पिक्सेल लिहिण्या-वाचण्याच्या कामात रोज जाणवतात. 60 हर्ट्‌झचे 144 झाले तर ते जाणवतात मुख्यतः खेळताना.

ओएलईडीबद्दल एक सावधगिरी. रंग आणि काळेपणा यांत तिला तोड नाही, पण उजेड कमी केल्यावर यातल्या बऱ्याच स्क्रीन सेकंदाला काहीशे वेळा लुकलुकतात. कोणाला ते जाणवतही नाही, तर कोणाचं डोकं दुखतं. रात्री दिवा मालवून अभ्यास करणाऱ्याने आधी मित्राच्या लॅपटॉपवर तासभर बसून बघावं.

ताकदीच्या बाजूलाही कागद फसवतो. ‘रायझन 5’ हे नाव 7520यू आणि 7530यू या दोन्हींवर आहे. पहिल्यात 4 कोअर, झेन 2 या 2019च्या रचनेचे, आणि त्याच्यासोबत येणारी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. दुसऱ्यात 6 कोअर, झेन 3चे. नावात फरक एका आकड्याचा, कामात फार मोठा. आरटीएक्स 3050लाही कंपनी लॅपटॉपात 35 ते 80 वॅट यांपैकी काहीही देऊ शकते. 80 वॅटवाला धावतो, 35 वॅटवाला नावापुरता. स्टिकर सारखाच.

मग निवडायचं कसं? माझा हिशेब असा: कुठली उणीव नंतर भरून काढता येते, ते आधी बघायचं. लॅपटॉपात प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप सोल्डर केलेल्या असतात. आज जे घेतलं ते चार वर्षं तेच. स्क्रीनला मात्र दोन पळवाटा आहेत. 24 इंची आयपीएस फुल एचडी मॉनिटर 7 ते 10 हजारांत मिळतो, त्यातले बरेचसे पूर्ण एसआरजीबीच्या आसपासचे असतात, आणि त्यावर 100 टक्के आकारात सगळी 1920×1080 जागा वापरता येते. दुसरी वाट म्हणजे वॉरंटी संपल्यावर लॅपटॉपचं पॅनेलच बदलणं. साध्या 15.6 इंची पॅनेलची जोडणी बहुधा 30 पिनांची आणि 144 हर्ट्‌झवाल्याची 40 पिनांची असते, तेवढं जुळवलं की काही हजारांत काम होतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग ताकदच घ्या. थांबा, ताकदही उसनी मिळते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची पहिली दोन वर्षं सी, जावा, पायथन, डेटाबेस यांत जातात. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मशीन लर्निंग आलं की गूगल कोलॅबवर 16 जीबी मेमरीचं टी-4 कार्ड फुकट मिळू शकतं, वेळेची मर्यादा सांभाळून. लॅपटॉपातल्या 3050मध्ये बहुधा 4 किंवा 6 जीबी असते. म्हणजे ‘प्रोजेक्टसाठी ग्राफिक्स कार्ड लागतंच’ हे घरी सांगायला ठीक. आईवडिलांनी एवढंच विचारावं की प्रोजेक्टचं नाव व्हॅलोरंट तर नाही ना. (तोही साध्या ग्राफिक्सवर चालतो.)

म्हणून कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स, कॉमर्स, कायदा यांच्यासाठी माझं मत दुसऱ्या, दीड किलोवाल्याकडे. दिवसाचे सात-आठ तास डोळे त्या स्क्रीनवर असतात, आणि कॉलेजच्या लेक्चरला अडीच किलो नेण्याचा उत्साह पहिल्या सत्रातच ओसरतो. उजेड 300 निट्सच्या खाली नको. 250ची स्क्रीन खिडकीशी बसल्यावर आरसा होते.

आर्किटेक्चरचं गणित उलटं. लुमियनसारख्या सॉफ्टवेअरला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच, आणि ज्यूरीच्या आदल्या रात्री लॅबचं कुलूप उघडं नसतं. त्यांनी गेमिंग म्हणून विकला जाणाराच घ्यावा, स्क्रीन 45 टक्क्यांची असली तरी, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत मॉनिटरचे पैसे बाजूला काढावेत. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना ऑटोकॅडसाठी एवढं लागत नाही. ते मुख्यतः एकाच कोअरच्या वेगावर चालतं. मोठ्या असेंब्ली करायच्या असतील तरच ग्राफिक्सचा विचार.

आणि जो घरूनच कॉलेजला जातो, त्याने लॅपटॉपच का घ्यायचा, असं मला दरवेळी वाटतं. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप घेतला तर हा सगळा पेचच उरत नाही. रायझन 5 5600जीसारखा, स्वतःचं ग्राफिक्स असलेला 6 कोअरचा प्रोसेसर आज घ्यायचा, ग्राफिक्स कार्ड गरज पडेल तेव्हा, आणि मॉनिटर पहिल्या दिवसापासून चांगला. रॅमच्या दोन पट्ट्या लावायच्या, एक मोठी नको. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि डीडीआर4-3200ची एक पट्टी सेकंदाला 25.6 जीबी देते तर दोन मिळून 51.2. लॅपटॉपातही हेच लागू. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट भरलेत ते तिथे दिसतं. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं दिसलं तर ती रॅम बोर्डाला चिकटलेली आहे, काढता येणार नाही.

मॉनिटर जुना घ्यायलाही हरकत नाही, ऑफिसं बदलताना चांगले निघतात. पूर्ण पांढरं, पूर्ण काळं आणि पूर्ण करडं अशी तीन चित्रं पेनड्राइव्हवर न्या आणि विकणाऱ्यासमोरच लावून बघा: पांढऱ्यावर पिवळट कोपरे, काळ्यावर कडेने झिरपणारा उजेड, करड्यावर डाग. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत तपासायचं पुष्कळ जास्त आहे, बॅटरीपासून बिजागरीपर्यंत. ते पुढच्या आठवड्यात.