ती लेन कोरी हवी

अनशापोटी घ्यायची थायरॉइडची गोळी आता घरोघरी ओळखीची आहे. गोळीतल्या टी-४ संप्रेरकातून आयोडीनचा एक अणू काढून शरीर टी-३ बनवतं आणि खरं काम ते टी-३ करतं. कुठे? पेशीच्या केंद्रकात, डीएनएला धरून बसलेल्या एका प्रथिनापाशी. हा त्याचा ग्राही. तो कुठल्या पेशीत आहे, हे शोधायला प्रयोगशाळेत प्रतिपिंड वापरतात. रक्ताच्या अहवालातल्या ‘अँटी-टीपीओ’शी याचा संबंध नाही. ती प्रतिपिंडं रुग्णाचं शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध तयार करतं; ही मात्र सशाकडून किंवा उंदराकडून मुद्दाम बनवून घेतलेली असतात.

ग्राही सापडला तो कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या मागावर असताना. विषाणूतलं ‘अर्ब-ए’ हे जनुक मुळात पेशीचंच होतं. पेशीतल्या त्या मूळ जनुकापासून बनणारं प्रथिन टी-३ घट्ट धरतं, हे 1986 मध्ये हायडेलबर्गच्या ब्यॉर्न वेनस्ट्रॉम आणि कॅलिफोर्नियाच्या रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात दाखवलं. मग कळलं की जनुकं दोन आहेत: अल्फा सतराव्या गुणसूत्रावर, बीटा तिसऱ्यावर. प्रत्येकापासून ग्राहीची एकाहून अधिक रूपं बनतात. हृदय, हाडं आणि मेंदूत अल्फा-१ चा वरचष्मा. यकृतात बीटा-१ चा. पियुषिका, डोळ्याचा पडदा आणि अंतर्कर्णात बीटा-२ चा.

प्रतिपिंडाची कसोटी इथेच लागते. डीएनएला धरणारा मधला भाग या साऱ्या भावंडांत जवळजवळ सारखा. त्यावर बेतलेलं प्रतिपिंड सगळ्यांनाच चिकटेल. अल्फा-१ आणि अल्फा-२ तर पहिल्या 370 अमिनो आम्लांपर्यंत हुबेहूब एक. फरक फक्त शेपटीत. आणि त्या शेपटीमुळेच अल्फा-२ टी-३ ला धरू शकत नाही! बीटा-१ आणि बीटा-२ वेगळे ओळखायचे तर उलट सुरुवातीचं टोक निवडावं लागतं. त्यात एका केंद्रकात हे ग्राही जेमतेम काही हजार. त्यामुळे प्रतिपिंड दुसऱ्याच एखाद्या मुबलक प्रथिनाला थोडंसं जरी चिकटलं, तरी खरी खूण त्यात बुडून जाते.

वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात, प्रत्येक नमुना आपापल्या लेनमध्ये, आणि प्रतिपिंड चिकटलं तिथे बँड उमटतो. अपेक्षित वजनाच्या आसपास तो दिसला की हायसं वाटतं. तेवढ्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. ग्राहीचं जनुकच काढून टाकलेल्या उंदराचा नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवावा. ती लेन कोरी राहिली, तरच प्रतिपिंड खरं. याच कुळातल्या इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहीवरची 13 प्रतिपिंडं 2017 मध्ये काटेकोर तपासली गेली, तेव्हा कसोटीला एकच उतरलं. त्या ग्राहीवरची कितीतरी वर्षांची निरीक्षणं त्यामुळे पुन्हा पाहायची वेळ आली.

वेनस्ट्रॉम यांच्या गटाने पुढे वेगळी वाट धरली. उंदराच्या अल्फा-१ ग्राहीलाच त्यांनी हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं आणि 2010 मध्ये दाखवलं की प्रौढ मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींत अल्फा-१ असतो.

ग्राहीचा पत्ता चुकला तर काय बिघडतं? आजार कुठे दिसेल आणि औषध कुठे लागू पडेल, याचा अंदाजच चुकतो. 2012 मध्ये अल्फा जनुकातल्या दोषाची पहिली रुग्ण नोंदली गेली: सहा वर्षांची मुलगी, हाडांची वाढ खुंटलेली, तीव्र बद्धकोष्ठ, आणि रक्तातली थायरॉइडची पातळी मात्र जवळपास सामान्य. 2024 मध्ये अमेरिकेत यकृताच्या चरबीजन्य दाहासाठी मंजूर झालेलं रेस्मेटिरोम यकृतातल्या बीटावर काम करतं. हृदयातल्या अल्फाला त्याने शक्यतो डिवचू नये, हा त्यामागचा हेतू.

नव्या प्रतिपिंडाचं माहितीपत्रक हाती आलं की त्यातल्या ठळक बँडकडे मी नंतर पाहते. आधी शेजारची कोरी लेन शोधते.