शासनव्यवहारातील यांत्रिक लेखन आणि उत्तरदायित्व

शासकीय कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लेखामागे कोणीतरी उत्तरदायी अधिकारी असतो, हे प्रशासनाचे मूलतत्त्व होय. टिपणी, आदेश अथवा निकालपत्र यांवरील स्वाक्षरीचा अर्थ तोच. मागणीप्रमाणे नवा मजकूर रचून देणारी जननशील कृत्रिम बुद्धिमत्ता कार्यालयांत आल्यापासून या तत्त्वाची नव्याने कसोटी लागत आहे.

या यंत्रणेचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. प्रचंड लेखनसंग्रहातून ती शब्दांचे परस्परसंबंध आत्मसात करते आणि पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, हे ताडून वाक्ये रचते. रचलेले विधान सत्य आहे की नाही, याचा निवाडा या क्रियेत अंतर्भूत नसतो. परिणामी तिचे असत्यही सत्याइतक्याच सफाईने प्रकट होते. अननुभवी कारकुनाची चूक पुष्कळदा त्याच्या अडखळत्या भाषेवरून ओळखू येते. येथे ती खूणच उरत नाही.

न्यूयॉर्क नगरप्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यावसायिकांच्या शंकांना उत्तरे देणारी अशी एक संवादयंत्रणा सुरू केली. मार्च २०२४ मध्ये ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने तिची परीक्षा घेतली. नोकरांच्या बक्षिशीतून मालकाला वाटा घेता येतो, तसेच भाड्यासाठी शासकीय साहाय्य मिळणाऱ्या भाडेकरूस घरमालक नाकारू शकतो, अशी उत्तरे तिने दिली. ही दोन्ही कृत्ये तेथील कायद्याने निषिद्ध आहेत. उत्तरे चुकीची असू शकतील, अशी सूचना तेथे दिलेली होती. परंतु शासनाच्या नावाने मिळालेल्या सल्ल्यावर सामान्य नागरिक विश्वास ठेवणारच. त्या विश्वासापायी दुकानदार दंडास पात्र ठरला किंवा नोकराची मिळकत बुडाली, तर केवळ सूचनेने शासनाचे नैतिक दायित्व संपत नाही.

यावर सरसकट बंदी हा एक उपाय दिसतो. भारताच्या अर्थमंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये गोपनीयतेच्या कारणास्तव कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नयेत, असे कर्मचाऱ्यांस कळविले. गुप्त माहिती बाहेर जाऊ नये, हा हेतू रास्तच आहे. तथापि ज्या कामात साधनाचा खरा उपयोग आहे, तेथे नियमनाचाच मार्ग धरावा लागतो.

या दृष्टीने केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायपालिकेसाठी केलेले धोरण अभ्यसनीय आहे. निष्कर्ष, आदेश अथवा न्यायनिर्णय यांपर्यंत पोचण्यासाठी यंत्राचा वापर त्याने निषिद्ध ठरविला. मान्यताप्राप्त साधनेच वापरावीत, प्रत्येक वापराची व पडताळणीची नोंद ठेवावी आणि यांत्रिक भाषांतर अनुवादकाने किंवा न्यायाधीशाने तपासावे, असे त्यात सांगितले आहे. शेवटच्या नियमाचे महत्त्व सहज पटेल. साक्षीदाराच्या ‘पैसे दिले नाहीत’ या जबानीतील एक ‘नाहीत’ गळला, तर वाक्य निर्दोष राहूनही न्याय उलटतो.

या नियमांचे सार असे की, साहाय्य यंत्राचे घ्यावे, निर्णय मात्र मनुष्याचा असावा. आणि तो कसा झाला हे मागाहून तपासता यावे. परंतु पडताळणीस ज्ञान लागते तसाच वेळही लागतो. यंत्रामुळे काम वेगाने होते म्हणून तपासणाऱ्यांची संख्या घटविली, तर नियम कागदावर राहतील आणि स्वाक्षरी हा केवळ उपचार ठरेल.